भिंतीकडे तोंड

थंडीत घोटा ठणकला की कुंदाबाईंना अजून भडगावची ओसरी आठवते. चोपन्न साली विहिरीच्या पायरीवरून घसरून त्यांचा घोटा मोडला आणि धुळ्याला ऑपरेशन झालं. टाके काढून घरी आल्या तेव्हा पाय टम्म सुजलेला, बोटांपर्यंत वांग्यासारखा जांभळा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय उशांवर उंच ठेवा. सूज उतरेल, रंगही जाईल."

पण आठवडा झाला तरी सूज उतरेना. पाय कापावा लागतो की काय, या धास्तीनं त्यांना घास गिळवेना. सूज न उतरण्याचं कारण त्यांचं त्यांना ठाऊक होतं. सासरे निंबा आबा दिवसभर समोरच्या बाजेवर सुतळी वळत बसायचे. सासऱ्यांकडे पाय करून सून निजेल कशी? आबा आले की पाय खाली यायचा.

एकदा आबांनी ते पाहिलंच.

"पाय खाले का लिधा, पोरी?"

"तुमच्यासमोर कसा ठेवू, आबा?"

"अन् डाक्टरनी कापी टाका, तं मंग काय ठेवशी?"

आबांनी कापसाचं गाठोडं आणून सुनेच्या पायाशी टाकलं, बाज फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग रोज सकाळी भिंतीलाच विचारायचे, "आज कोणता रंग शे?"

"जांभळाच, आबा."

पुढं हिरवट झाला, मग पिवळट.

एके सकाळी कुंदाबाई म्हणाल्या, "आपला नेहमीचा, आबा."

तेव्हा कुठे आबांनी बाज पुन्हा सरळ केली.