जाळ्याची गाठ

अबोलीचं लग्न झालं ते २०२२ साल. मे महिन्यात तिला हळद लागली आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत तिचा बाप धर्मराज होडीवरून समुद्रात पडला. करंजा बंदरातल्या होड्यांनी चार दिवस धुंडाळलं. प्रेत मिळालं नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पितृपक्षात अबोलीच्या आईने, राजाबाईने, नवऱ्याचं पान वाढलं. दोन्ही वेळा कावळा शिवला नाही. माणूस उपाशी अडकलाय, हे तिच्या मनाने घेतलं.

२०२४ च्या भाद्रपदात भरतीबरोबर ताटाएवढं एक कासव धक्क्याच्या पायऱ्यांशी येऊ लागलं. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, मध्येच थांबून वर बघत राहायचं. राजाबाईने भात टाकला. त्याने तोंड फिरवलं.

"वयनी, भात नाय खात ते," तिचा दीर वामन जाळं शिवता शिवता म्हणाला. "पोर हाय अजून. शेवाल खाईल, नायतर जेलीफिश. पान्यात मऊ, पांढरं काय हाललं का गिललंच!"

"तुमच्यावानी. ताटात काय हाय ते न बघता गिलनारं."

दुसऱ्या दिवशी वामन फेरीला गेला.

सर्वपित्रीलाही कावळा फिरकला नाही. राजाबाई भात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घेऊन धक्क्यावर आली. भात पानावर काढला तोच रिकामी पिशवी वाऱ्याने उडाली, पाण्यावर फुगून श्वास घेतल्यासारखी हलू लागली. कासव शेवाळ सोडून सरळ आलं आणि राजाबाईकडे बघत बघत त्याने ती पिशवी गिळली.

राजाबाईला आठवलं. धर्मराज समुद्रावर भात न्यायचा तो असल्याच पिशवीत, वर जाळ्याची दुहेरी गाठ मारून.

"एवढंच पायजे व्हतं तुमाला?" ती पुटपुटली.

पुढचे सहा दिवस रोज एक पिशवी, आत चार शितं, वर साधी गाठ. कासवाने एकही नाकारली नाही.

आठव्या दिवशी ते एका कुशीवर तरंगत होतं. बुडी मारता येईना. दुपारी मेलं. वामन परतला तेव्हा वन खात्याचा डॉक्टर पायरीवर त्याचं पोट उघडत होता. राजाबाई मोजत होती. सात पिशव्या निघाल्या.

मग आठवी निघाली. शेवाळलेली, तोंडाला दुहेरी गाठ.

"वयनी, ही गाठ तर दादाची..." वामन वाकून गाठ चाचपत म्हणाला.

डॉक्टरने वरचं शेवाळ पुसलं; दोन वर्षांनीही आतला भात पांढराशुभ्र होता. धक्क्यावरच्या खांबावरून कावळा उतरला आणि त्याने गाठीला चोच लावली.

धर्मराज २०२२ च्या ऑगस्टमध्ये समुद्रात वारला. कासव ९ ऑक्टोबर २०२४ ला मेलं, राजाबाईच्या हातून.