माझा वारा ताईंच्या तोंडावर

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी चालूच होते. साहेबांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत मटकन बसले. खोलीत फक्त माझी घरघर ऐकू येत होती. मला बंद करावं, हे कुणालाच सुचलं नाही.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी हवेची पेटी आहे. पुढून मी उघडी आहे. माझ्या पाठीला बारीक जाळी आहे आणि तिच्यातून गाळलेली स्वच्छ हवा मी पुढे सोडते. पूर्वी माझ्यापुढे जंतू वाढवायचा रस काचेच्या बश्यांत भरत. त्यांवर धुळीचा कण बसू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. "हिच्यापुढे भरलेली बशी कधी नासत नाही," असं सगळे म्हणत. मला ते फार आवडायचं.

शेजारच्या खोलीत दुसरी पेटी होती. ती हवा आत ओढून घ्यायची, म्हणून जंतू माणसापर्यंत येत नसत. तिच्यापुढे बसून ताईंनी अर्धं आयुष्य क्षयाच्या रुग्णांची थुंकी तपासली. एक दिवस ती पेटी बिघडली आणि तिच्या जागी मला ढकलत नेलं.

"साहेब, ही वेगळी दिसते. कुणाला तरी बोलवून एकदा शिकून घेऊ या," ताई म्हणाल्या.

"अहो, तुम्ही सगळ्यांना शिकवता, तुम्हाला कोण शिकवणार? आणि शिकत बसलात तर हे नमुने काय मी तपासू?"

"नको, नको! तुम्ही तपासलेत तर सगळेच निरोगी निघतील."

सगळे हसले. शिकायचं तेवढं राहून गेलं.

ताई माझ्यापुढे बसल्या. त्यांनी थुंकीच्या डबीचं झाकण उघडलं. डबीवरून निघालेली माझी हवा सरळ त्यांच्या चेहऱ्यावर गेली. कपाळावरची बट मागे उडाली.

"धाकटे, हिचा वारा काय छान लागतो गं," त्या हाताखालच्या मुलीला म्हणाल्या.

मला थांबता येत नव्हतं. त्या रोज यायच्या, मी रोज फुंकर घालायचे. पुढे त्यांना खोकला लागला. तो खोकला माझ्या जाळीपर्यंत यायचा आणि मी तोही त्यांच्याकडेच परत लोटायचे. तपासणीत क्षय निघाला. औषधं लागू पडली नाहीत.

त्या गेल्यावर पाहणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझ्यापुढे पातळ कागदाची पट्टी धरली. पट्टी त्यांच्याकडे उडाली. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"ही पेटी नमुना जपते, माणूस नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी साहेबांना विचारलं.

ताईंचे यजमान ताईंचा चष्मा न्यायला आले होते. ते दारातच उभे होते.

"पेटी आहे ना, मला काही होत नाही, असं ती म्हणायची," ते म्हणाले.

साहेबांनी पुढे होऊन माझं बटण बंद केलं.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझी वायर कापली आहे. तरी कधीकधी माझा पंखा हळूच फिरतो. फटीतून वारा येत असेल. मी पुढे बघते. समोर कुणी बसलेलं नसतं.

मित्रांनो, माझ्यात बिघाड नव्हता आणि ताईंच्या हातातही खोट नव्हती. पण यंत्र बदललं की मुरलेल्या हातांनाही पुन्हा शिकावं लागतं. ते शिक्षण कामाच्या रगाड्यात उद्यावर टाकू नका.

भिंतीपलीकडे नवी पेटी आली आहे. तिची घरघर मला ऐकू येते. धाकटी तिच्यापुढे बसते. ती पेटी कशी वापरायची, हे तिला अजून कुणी शिकवलेलं नाही.