डांबराखालचे कातडे

मी एक जुनी होडी आहे, आणि कापडाची आहे. कापडाची म्हटल्यावर तुम्ही हसाल, मित्रांनो. पण आमच्या किनाऱ्यावर होड्या अशाच असतात. आमच्या बेटावर दगड पुष्कळ आणि झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे जाड फळ्यांची चैन कुणालाच परवडत नाही. समोरच्या मुख्य किनाऱ्यावरून आणलेल्या पातळ लाकडी पट्ट्या वाकवून सांगाडा करायचा, त्यावर जाड कापड ताणून बसवायचे आणि वरून गरम डांबर लावायचे. मी इतकी हलकी असते की तीन माणसे मला पालथी करून खांद्यावर घेतात आणि चालू लागतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते, सहा पायांचा एखादा मोठा काळा किडा पाण्याकडे निघाला आहे.

मला टाइगने बांधले. बेटावरच्या बहुतेक होड्या त्याच्याच हातच्या. म्हातारा फार बोलत नसे. पट्टी वाकवताना ती मोडली, तर मात्र त्या पट्टीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. त्याने मला फेहीन नावाच्या तरुण कोळ्याला दिले. फेहीन सोरखा या आपल्या आईबरोबर किनाऱ्यालगतच्या घरात राहत असे. बटाट्याचे लहानसे शेत आणि समुद्र, एवढेच त्यांचे उत्पन्न.

बायकांनी होडीला हात लावायचा नाही, असा बेटाचा नियम होता. जाळी विणायला बायका, मासे कापून खारवायला बायका. होडीला मात्र नाही. हात लागला तर त्या हंगामात बांगडा फिरकत नाही, असे सगळे मानत. सोरखासुद्धा मुलाला हाक मारायची तर चार हात दूर उभी राहून मारी.

तर मित्रांनो, एका सकाळी फेहीन मला घेऊन एकटाच बाहेरच्या खडकांकडे गेला. लाटेने मला खडकावर आपटले आणि माझे कापड मागच्या बाकाखाली चांगले हातभर फाटले. कसेबसे त्याने मला खडकावर ओढून घेतले. आमच्याकडच्या कोळ्यांना पोहता येत नाही. बुडायचेच असेल तर लवकर बुडावे, असे ते हसत सांगतात, आणि शिकत नाहीत. भरती चढत होती. फेहीनजवळ सुरी होती, दाभण होते, जाळ्याची दोरी होती. ठिगळाला कापड मात्र नव्हते.

तेवढ्यात त्याला खडकाच्या खोबणीत सीलचे, त्या मिशाळ समुद्री प्राण्याचे, कातडे दिसले. करड्या रंगाचे, ओलसर, आणि नीट घडी घातलेले.

आमच्या बेटावरचे लहान मूलही सांगेल की शिकारी कातडे वाळवताना ते पसरून ठेवतो. घडी घातलेले कातडे माणूस होऊन किनाऱ्यावर आलेल्या कुणा सीलने अंगावरून उतरवून ठेवलेले असते आणि ते घ्यायला ती व्यक्ती परत येणार असते. फेहीनला हे ठाऊक होते. पण पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आले होते. त्याने कातडे माझ्या भोकाच्या मापाने कापले, केसांची बाजू आत ठेवून शिवले, आमिषाची चरबी शिवणीवर चोळली आणि आम्ही जिवंत परत आलो. उरलेले तुकडे त्याने टाकले नाहीत. गरिबाच्या घरात चामडे कुणी टाकत नाही.

टाइगने ठिगळ पाहिले तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला.

"पसरलेलं होतं की घडी केलेलं?"

"पसरलेलं," फेहीन म्हणाला.

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणाला आणि त्याने डांबराचे भांडे पुढे सरकवले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक अनोळखी बाई सापडली. तिचे पाय खडकांनी सोलवटलेले होते, अंगावर काही नव्हते, आणि ती कुणालाच कसलेच उत्तर देत नव्हती. एखादे जहाज फुटले असेल, असा लोकांनी अंदाज केला. सोरखाने तिला आपल्या शालीत गुंडाळून घरी नेले, चुलीपुढे बसवले आणि मुरिन असे नाव दिले. तिला पायांत घालायला काही नव्हते, म्हणून फेहीनने उरलेल्या कातड्याचे जोडे शिवले. आमच्याकडे जोडे कच्च्या कातड्याचेच असतात. ते रोज समुद्राच्या पाण्यात भिजवावे लागतात, नाहीतर कडक होऊन पायाला लागतात.

हे सगळे मी घरापुढच्या बुटक्या दगडी भिंतीवर पालथी पडून ऐकत होते. फेहीनने जोडे तिच्यापुढे ठेवले तेव्हा तिने त्यांच्या केसांवरून बोट फिरवले. बेटावर तिने उच्चारलेले पहिले शब्द हे होते:

"हे कातडं कुठलं?"

"खडकात मिळालं."

"बाकीचं कुठे आहे?"

"कापलं. कामाला आलं." आपण काय सांगतो आहोत हे त्याला खरोखर कळले नव्हते. "का? आवडले नाहीत का?"

"आवडले," ती म्हणाली.

तिने ते जोडे झिजून फाटेपर्यंत वापरले. रोज ती ते भिजवायला पाण्याशी जाई आणि तिथेच उभी राही. पण रात्रभर चुलीपाशी राहून शेवटी कातडे वाळले, केस गळाले, तळवा फुटला. तेव्हा तिने ते बटाट्याच्या वाफ्यात पुरले. कापलेले कातडे मरते, हे तिने त्या जोड्यांवरून मानले आणि मग काही शोधले नाही. त्यानंतरच तिने फेहीनच्या लग्नाच्या प्रश्नाला हो म्हटले.

ती सुखात नव्हती, असे मी म्हणणार नाही. फेहीन तिला हसवत असे आणि ती हसत असे. त्यांना एथना नावाची मुलगी झाली. सोरखा मात्र कुरकुरे. "मासे खारवायला दिले तर ही कच्चेच खाते. सून आणली की मांजर?" असे म्हणता म्हणताच ती उरलेल्यातला सगळ्यात चांगला बांगडा मुरिनच्या ताटात वाढे.

आता मला माझ्याविषयी सांगायला हवे. ते ठिगळ मेलेले नव्हते, मित्रांनो.

डांबर कापडावर धरते, पण त्या कातड्यावर धरत नसे. दर वर्षी तिथला पापुद्रा सुटून पडे आणि समुद्राचे पाणी कातड्याला लागत राही. त्यामुळेच ते जगले. पहिल्या हिवाळ्यात मला माझ्या मागच्या बाकाखाली एक ठोका जाणवला. तो लाटेचा नव्हता, कारण लाट येते तशी जाते. हा आतून येत होता आणि त्याला लय होती. हळूहळू शिवणीची भोके बुजली. मी पाण्यात उतरले की ते ठिगळ खोल पाण्याकडे ओढ घेई आणि मला वल्ह्यांच्या आधीच पुढे नेई. सील आमच्या मागोमाग येत, डोकी वर काढून बघत राहत, आणि त्यांच्या पुढे पुढे बांगड्यांचे थवे पळत. फेहीनचे जाळे भरू लागले. लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "होडी असावी तर अशी." टाइगला माझा अभिमान वाटे. मी त्या वेळी शहारत असे. माझे कौतुक होत होते आणि माझ्या अंगात दुसऱ्याच कुणाचे तरी हृदय चालले होते.

संध्याकाळी मुरिन किनाऱ्यावर येई, पण नियमाप्रमाणे चार हात दूर थांबे. ती तिथे असेपर्यंत ते ठिगळ वाळूच्या दिशेने ताणलेले असे. मला तोंड नाही. मला हात नाहीत. जवळ येऊन कुणी स्पर्श करावा, एवढेच हवे होते, आणि तेच निषिद्ध होते.

मग एका वसंतात फेहीन जुने डांबर खरवडायला बसला. सुरी ठिगळाला लागली आणि रक्त आले.

त्याने आत हात घालून केसांवरून फिरवला. ते मऊ आणि तेलकट होते. त्याने बोटाने दाबून पाहिले आणि ठोका मोजावा तसा तो थांबला. त्या क्षणी त्याला सगळे कळले: खडकातली घडी, सोलवटलेले पाय, जोड्यांविषयीचा प्रश्न. दाराशी मुरिन एथनाचे केस विंचरत होती. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडले.

पण त्याने हाक मारली नाही. त्याने गवताने सुरी पुसली. मग नवे कापड आणून ते ठिगळावर बाहेरून पक्के शिवले आणि त्यावर डांबराचे थरावर थर दिले.

"एवढं कशाला रे?" टाइग म्हणाला. "होडी गळत तर नव्हती."

"गळेल म्हणून," फेहीन म्हणाला.

त्या दिवसापासून समुद्र त्या कातड्याला लागला नाही. आधी ओढ गेली. मग सील यायचे थांबले. उन्हाळ्यात ठोका मंद झाला आणि त्याच सुमारास मुरिनला कोरडा खोकला लागला. तिची त्वचा ओठांपाशी, कोपरांपाशी तडकू लागली. फेहीन तिला दूध देई, हाडांचे सूप करून स्वतःच्या हाताने पाजे, चूल विझू देत नसे. ती उष्णता तिला अधिकच सुकवत होती. शरदात ती उठून बसेनाशी झाली.

"तुला झालंय तरी काय?" सोरखाने मुलाला एकदा माझ्याजवळच, चार हात अंतरावरून, गाठले. "बायको अंथरुणावर, आणि तू होडीकडे बघायचं टाळतोस. भूत आहे का तिच्यात?"

"उद्या मुख्य किनाऱ्यावर जाऊन डॉक्टरांना विचारून येतो, आई."

"डॉक्टरांना विचार. स्वतःलाही विचार."

डॉक्टरांनी फुप्फुसे कोरडी पडल्याचे सांगितले, विश्रांती आणि गरम सूप सुचवले. परतताना मी जड लाकडासारखी चालत होते. मध्यावर फेहीनने वल्ही सोडली, मागच्या बाकाखाली वाकला आणि केसांवर हात ठेवला. केस त्याच्या मुठीत सुटून आले. खालचे कातडे आखडले होते, कडक होते, अगदी त्या जोड्यांसारखे. ठोका होता, पण त्याला तो सापडेना. मला सापडत होता. मित्रांनो, तेव्हा मला बोलता आले असते तर मी माझी प्रत्येक पट्टी दिली असती.

त्याने वल्ही उचलली. इतक्या वेगाने तो कधी वल्हवत आला नव्हता. किनाऱ्याला लागताच तो घरात गेला आणि मुरिनला दोन्ही हातांवर उचलून वाळूत घेऊन आला. मागे सोरखा आणि तिच्या शालीचे टोक धरून एथना. जाळी सुकवणारी माणसे उठून उभी राहिली.

"फेहीन," टाइग म्हणाला, "बाईचा हात होडीला लागेल. हंगाम जाईल."

"जाऊ दे."

"आमचाही जाईल."

"तुमचाही जाऊ दे, टाइगबाबा. तुम्ही मला विचारलं होतं ना, पसरलेलं होतं की घडी केलेलं? घडी केलेलं होतं."

टाइगने टोपी काढली आणि तोंड फिरवले. त्याचे पाहून बाकीच्यांनीही फिरवले.

मुरिनचा तळवा माझ्या आतून ठिगळावर टेकला. सगळ्या आयुष्यात मला झालेला तो बाईचा पहिला स्पर्श. ठोका एकदा चुकला, आणि मग तिच्या हाताशी जुळून चालू लागला.

"कापलंस म्हणाला होतास," ती म्हणाली.

"कापलं होतं. मेलं नव्हतं."

"कधी कळलं तुला?"

"वसंतात."

ती बराच वेळ खोकत राहिली. "म्हणजे मी आतल्या आत वाळत होते आणि तू मला सूप पाजत होतास."

"हो."

"सूप बरं करायचास."

फेहीनने वरचे कापड फाडले आणि मग शिवण उसवली. भोके बुजली होती, म्हणून प्रत्येक टाक्याला रक्त आले, आणि प्रत्येक टाक्याला मुरिनने ओठ दाबले. कातडे सुटले तेव्हा ते काठांनी कातरलेले, डांबराने माखलेले, अर्ध्यावर केस गळालेले होते. जोड्यांएवढा भाग त्यात नव्हताच. तो बटाट्यांच्या मातीत गेला होता. एवढ्या कातड्यावर समुद्रात राहता येते का, हे तिलाही ठाऊक नव्हते. ती थांबली असती तर मात्र नक्की मेली असती.

तिने सोरखाच्या हाताला गाल लावला. एथनाला मांडीवर घेतले, खाली ठेवले. फेहीनला म्हणाली, "हिचे केस विंचरताना गुंता खालून सोडवत वर जायचं. तू वरून ओढतोस, तिला लागतं."

मग ती पाण्यात गेली. लाट आली, आणि लाटेपलीकडे काही दिसले नाही. डोके वर आले नाही. तिथे सील होता की नाही, हे कुणीच सांगू शकले नाही, कारण एथनाखेरीज सगळ्यांची तोंडे फिरलेली होती, आणि फेहीनने डोळे मिटले होते. एथनाला विचारले तर ती कधी एक सांगे, कधी दुसरे.

त्यानंतर खूप वर्षे गेली. त्या हंगामात बांगडा नेहमीइतकाच आला, आणि हळूहळू बेटावरच्या बायका होड्यांना हात लावू लागल्या. फेहीन दुसऱ्यांच्या होड्यांवर वल्हवतो. टाइगने नवे कापड आणून दिले होते. फेहीनने ते घेतले नाही. मी भिंतीवर पालथी आहे, आणि माझ्या भोकातून वारा जातो. सील परत आले आहेत. ते खडकांवर चढले की फेहीन एकेकाची कूस न्याहाळतो, कुठे कातरलेला काठ दिसतो का म्हणून. आजवर दिसलेला नाही.

मलाही तिच्याविषयी काही ठाऊक नाही. पण जिथे आता काहीच नाही, त्या जागी भरतीच्या वेळी कधी कधी मला ठोका जाणवतो. ती जिवंत असल्याची ती खूण आहे, की जे गमावले त्याची माझ्या सांगाड्याला पडलेली सवय आहे, हे मी तपासू शकत नाही.

तुमच्याकडेही दुसऱ्याचे काही चुकून आले असेल, मित्रांनो. अडचणीत उचलले, त्याने तुमचा जीव वाचला, ते तुमच्याच अंगाचा भाग होऊन गेले, असेही असेल. फेहीनने घेतले त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. तो बुडत होता. पण ज्या सकाळी ते जिवंत आहे असे तुम्हाला कळेल, त्याच सकाळी हाक मारा. वसंतात मारलेली हाक तिला धडधाकट अवस्थेत समुद्रात पोहोचवून गेली असती.