कडी काढलेली पेशी

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. आमच्यात माझ्याएवढं वय फार थोड्यांना लाभतं. मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या रक्तात राहते. तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी जणी ऐसपैस बसतील. तरी मित्रांनो, माझी गोष्ट ऐका. माझ्यासारखीच लहान आहे.

माझा जन्म बाईंच्या हाडांच्या मऊ गाभ्यात झाला. आमचं काम पहाऱ्याचं. रक्तातून फिरायचं, परका जंतू दिसला की आरडाओरडा करून सगळ्यांना गोळा करायचं. पण बाईंच्या अंगात एचआयव्ही नावाचा विषाणू शिरला होता. बाकीचे जंतू पहारेकऱ्याचा डोळा चुकवून घरात येतात. हा थेट पहारेकऱ्याच्याच अंगात शिरतो! आमच्या अंगावर बाहेरच्या बाजूला एक कडी असते. ती धरायची, दार उघडायचं आणि आत जाऊन बसायचं, ही त्याची रीत.

बाई बरीच वर्षं नेमाने गोळ्या घेत होत्या. गोळ्यांनी त्याला झोपवूनही ठेवलं होतं. मग तो गोळ्यांना सरावला. एक बदलली, दुसरी बदलली, आणि आता बदलायला फारसं काही उरलं नव्हतं. बाई वाळत चालल्या होत्या. त्यांची शाळकरी मुलगी मशीनच्या पायाशी बसून अभ्यास करायची आणि मधेच आईच्या पावलाला हात लावून बघायची, आज ताप आहे का. आईला वाटायचं, पोर खोड्या काढतेय.

डॉक्टरांनी एकदा बाईंच्याच पेशी बाहेर काढून, त्यांना हा विषाणू ओळखायला शिकवून परत रक्तात सोडल्या होत्या. त्या माझ्या बहिणी जिवावर उदार होऊन लढल्या. पण त्यांच्या दाराला कडी होतीच. त्याने लढणाऱ्यांनाच आधी गाठलं. थोड्याच काळात त्यांच्यातली एकही उरली नाही.

म्हणून पुढच्या खेपेला प्रयोगशाळेच्या मॅडमनी ठरवलं, की नुसतं लढायला शिकवायचं नाही, कडीही काढून टाकायची. त्या खेपेला माझी निवड झाली. एका हातातून रक्त यंत्रात गेलं, आम्हाला वेगळं काढलं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून बाईंना परत मिळालं. मग माझ्या आत एक सूक्ष्म कात्री आली. कडी कशी घडवायची हे जिथे लिहिलेलं असतं, तेवढीच ओळ तिने कापली. दुखलं का म्हणाल, तर नाही. जरा मोकळं वाटलं.

आम्ही आता एका चपट्या बाटलीत, अंगाइतक्या उबदार कपाटात राहू लागलो. आम्हाला भरवायचं काम एका तरुण मुलीकडे होतं. तिची घाई बघून सगळे तिला धांदल म्हणत. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे धांदलला सुट्टीच्या दिवशीही यावं लागे. फोनवर तिची आई विचारायची, "कोण एवढं उपाशी बसलंय गं तिकडे?"

"माझी बाळं आहेत, आई."

"अगं बाई! लग्नाआधीच?"

आमचं जेवण म्हणजे गुलाबी रस. आमच्यातल्या काही जणींच्या आत विषाणू झोपलेला होता. आम्हाला वाढवण्यासाठी जागं केलं की तोही जागा होतो. म्हणून आमच्या रसात त्याला अडवणारं औषध घातलेलं असे. शेजारी दुसऱ्या कामासाठी साधा रस ठेवलेला. दोन्ही बाटल्या सारख्याच गुलाबी. एका रविवारी धांदलने साधी उचलली.

ते दिवस आठवले की अजून माझं अंग आकसतं. एकेका बहिणीच्या आत तो जागा झाला, तिला फोडून बाहेर पडला. ज्यांची कडी कात्रीकडून काढायची राहून गेली होती, त्यांच्यात घुसला. माझ्या दाराशीही आला. चाचपलं, परत चाचपलं. धरायला काही सापडलं नाही, तसा निघून गेला.

पुढे धांदलला औषध घातलेल्या रसाची बाटली भरलेलीच दिसली. ती पांढरीफटक पडून मॅडमकडे गेली. "मॅडम, चुकलं माझ्याकडून. साधा रस घातला गेला. टाकूनच द्याव्या लागणार ना सगळ्या?"

"आधी बस. पाणी पी. आणि लगेच सांगितलंस ते बरं केलंस. बघू, काय उरलंय."

उरलो होतो आम्ही, कडी नसलेल्या. मॅडमनी आम्हाला धुतलं, पुन्हा पुन्हा तपासलं. विषाणूचा मागमूस नव्हता. तरी त्यांनी सगळं तपासणी समितीपुढे ठेवलं आणि समितीने होकार दिल्यावर बाईंना बोलावून झालेली चूक न लपवता सांगितली. "तुम्ही नको म्हणालात तर आम्ही पुन्हा पहिल्यापासून करू."

बाई म्हणाल्या, "मी शिवण घातली की ओढून बघते. टिकली तर पक्की. तुमची तर ओढून झालीय."

"झालीय. तरी मी आणखी एकदा तपासणार."

"तपासा की. मीही दोनदा ओढते."

आणि मी घरी आले! लहानशा पिशवीतून, नळीतून, बाईंच्या दंडात. मुलगी म्हणाली, "एवढ्याशाच?" पिशवी घेऊन आलेली धांदल म्हणाली, "एवढ्याशाच, पण भांडखोर आहेत."

बाईंना ताप आला, उतरला. आम्ही वाढलो, लढलो. विषाणू दाराशी यायचा, हात हलवत जायचा आणि आम्ही त्याला मागून गाठायचो. पुढे अहवालाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडायच्या नाहीत, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण आज तो मोजण्याइतकाही सापडत नाही."

"कागद माझाच आहे ना? नीट बघा हो."

"तुमचाच."

जिना उतरताना मुलीने विचारलं, "मग आता तू मरणार नाहीस?"

"मरेन की. चांगली म्हातारी होऊन, तुझ्या डोक्यावर मिरे वाटून."

"वाट, खुशाल वाट," असं म्हणून पोर जिन्यातच रडायला लागली. बाईंच्या छातीतून मी तेव्हा जात होते. इतका हलका ठोका मी तोवर ऐकला नव्हता.

आता मला फारसं काम नसतं. कौतुक करणारेही दुसऱ्या कामांना लागले. माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी असं आजारी असेल, तर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका. जवळ बसल्याने, हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. हे मी तुम्हाला अगदी आतून सांगते आहे.