बेचाळीस पिल्लांचं पाणी

थोरलीने पिल्लांच्या पाण्याच्या कॉककडे पाहिलं. कॉक आडवा होता. आडवा म्हणजे बंद. परवा दुपारी तिनेच तो बंद केला होता आणि आज सकाळचे नऊ वाजले होते.

आता या घरची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर बाईला उगाच बावळट म्हणाल. डुकरांची शेड दोघी जावा सांभाळायच्या. खुराक थोरलीकडे, पाणी आणि झाडलोट धाकटीकडे. टाकीत जंताचं औषध घालायचं असलं की आधी तीन-चार तास पाणी तोडायचं, म्हणजे तहानलेली पिल्लं ते कडू पाणी मुकाट पितात. कॉक बंद केला की त्यावर लाल फडकं बांधायचं. फडकं नसलं म्हणजे पाणी चालू; मग कुणी कुणाला विचारायचं नाही. परवा थोरलीने फडकं बांधलं आणि पाचच मिनिटांत पोत्याच्या तारेने तिचं बोट चिरलं. रक्त काही थांबेना. हाताशी होतं ते फडकं तिने सोडलं, बोटाला गुंडाळलं, घरात गेली आणि विसरली. धाकटी आली, तिला फडकं दिसलं नाही. तिला वाटलं, ताईंनीच औषध घालून पाणी सोडलं. झालं.

ते फडकं अजूनही थोरलीच्या बोटाला होतं.

त्यात भर खुराकाची. बेचाळीस पिल्लांचं दूध तोडून तीनच आठवडे झालेले. या वयात पोटात चांगलं गेलं तर डुक्कर भराभर वाढतं, नाहीतर जन्मभर खुरटं राहतं, हे थोरली येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मका आणि सोयापेंडीच्या भरड्यात तिने या आठवड्यात मासळीची पूड वाढवली होती. वजनं अशी चढत होती की बाईचे पाय जमिनीवर नव्हते. पण ती पूड मुळातच खारट, आणि नेहमीचं मीठ तिने कमी केलं नव्हतं. भरपूर पाणी मिळत असतं तर ते पचूनही गेलं असतं.

आणि आज हे. एक पिल्लू कपाळ भिंतीला टेकवून उभं. दुसरं गोल गोल फिरत होतं आणि समोरचं खुराकाचं भांडं न दिसल्यासारखं त्यावर आदळत होतं. तिसरं बसल्या बसल्या मान मागे टाकून थरथरत होतं. धाकटी सासऱ्यांना बोलवायला घराकडे पळाली होती. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

थोरलीने कॉक पूर्ण उघडला.

पिल्लं भिंतीतल्या पाणी प्यायच्या निपलांवर तुटून पडली. प्या रे बाबांनो, प्या, असं ती पुटपुटत राहिली. तासाभरात सावरतील, कुणाला कळायचंही नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि फडक्याचं बोट खिशात घातलं.

सासरे आले, पिल्लांकडे बघून तापच हा, म्हणाले. त्यांनी तरुणपणी डुकरांचा ताप पाहिला होता, एका आठवड्यात सगळी शेड रिकामी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन लागता लागत नव्हता. अर्धा तास तसाच गेला. लागला तेव्हा स्पीकरवर बाईंनी कानांचा रंग विचारला, उलट्या विचारल्या. मग म्हणाल्या, मधे पाणी कधी तुटलं होतं का?

धाकटीने निपल दाबला. पाणी आलं. पाणी चालू आहे, कॉकवर फडकंही नाही, असं तिने बिचारीने खरंखरं सांगून टाकलं. थोरलीने फडक्याचं बोट खिशात आणखी खोल दाबलं.

मग तापच असेल, बाई म्हणाल्या. आत-बाहेर कुणी जायचं नाही, नमुने घ्यायला मी येते. आणि तो निघाला तर लहान-मोठी सगळी, दोनशे तीस जनावरं मारावी लागतील.

सासऱ्यांनी धाकटीला हळूच विचारलं, बाहेरचं कुणी आत आलं होतं का? धाकटीला रडूच फुटलं. परवा ती भावाकडे गेली होती, त्याच्याकडेही डुकरं आहेत, त्याच चपलांनी शेडमध्ये आली. माझ्याच पायांनी आलं हे, असं म्हणून ती कपाळ बडवायला लागली. थोरलीला ते बघवेना.

"पाणी बंद होतं," ती म्हणाली. "परवा दुपारपासून. मीच केलं होतं."

फोनवर बाईंनी सुस्कारा सोडला. मग बहुधा ताप नाही, पाण्यावाचून मीठ चढलंय, त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी डोळे मिटले. धाकटी रडायची थांबली. थोरलीलाही वाटलं, सुटलो.

"पण मग पाणी सोडलं कधी?" बाईंनी विचारलं.

"तास होत आला."

"थोडं थोडं सोडलंत ना?"

"नाही. पूर्ण."

बाई ओरडल्याच, आधी बंद करा. इतकी सुकलेली पिल्लं एकदम प्यायली की मेंदूला सूज येते, पाण्यानेच मरतात. घोट घोट द्यायचं होतं. मघाशी विचारलं तेव्हाच सांगितलं असतं तर...

थोरली पळाली. कॉक आडवा केला, पिल्लांना निपलांवरून ओढून काढलं. त्यांची पोटं टम्म झाली होती. दोन आडवी पडून पाय झाडत होती. भिंतीला टेकलेलं ते पिल्लू तिच्या हातातच ताठ झालं.

दुपारपर्यंत अकरा गेली. उरलेल्यांना अर्ध्या अर्ध्या तासाने अर्धा कप पाणी, तेवढंच. पिल्लं पाण्यासाठी किंचाळत होती, पायांवर चढत होती. सासरे आणि धाकटी कप भरत होते. थोरलीला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं. एक वाजता पुढच्या पाळीसाठी कॉक उघडायला ती उठली.

"तू नको," सासरे म्हणाले. "तिला जाऊ दे."

थोरली परत खाली बसली.