कुशीवर

परांचीवाल्यानं कडी वाजवली आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला. उघडणाऱ्याला दार पुन्हा लावून घेणं सोपं जावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दार रंगाऱ्याच्या आईनं उघडलं. तिनं त्याला ओळखलं, पण तोंडातून शब्द न काढता बाजूला झाली. म्हातारीनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

रंगारी खिडकीपाशी खाटेवर उताणा पडला होता. मानेखालचं शरीर त्याचं असून त्याचं नव्हतं. परांची बांधणाऱ्यांचा एक नेम असतो: फळीवर आधी आपण उभं राहायचं, उड्या मारून बघायच्या, मगच रंगाऱ्याला वर बोलवायचं. त्या सकाळी परांचीवाल्याची रात्रीची उतरली नव्हती. त्यानं खालूनच सांगितलं, "चढ, पक्की आहे." आणि रंगारी विश्वासानं चढला.

तुरुंगातून सुटल्यावर परांचीवाला चर्चच्या मंडळीत जाऊ लागला. दारू सुटली, बाप्तिस्मा झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं लोक म्हणायचे आणि मनातून त्यालाही ते पटायचं. आता पाळकसाहेबांनी भलतंच काढलं होतं. येत्या रविवारी सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून ते त्याला सेवेसाठी नेमणार होते.

"प्रभू बोलावतोय तुला," ते म्हणाले होते.

"माणूस चुकला त्याचा," हा म्हणाला. त्यावर ते नुसते हसले होते.

म्हणून तो इथं आला होता. रंगाऱ्यानं एकदा नाही म्हटलं की सुंठीवाचून खोकला जाणार होता.

"पुढे ये," रंगारी म्हणाला. "तिथं मला दिसत नाहीस."

तो पुढे झाला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं.

"तू फक्त म्हण, याची लायकी नाही. मी तसं त्यांना कळवतो. तुझ्या शब्दापुढे ते जाणार नाहीत."

"म्हणजे तुझं ओझंही मीच उचलू? मला पाण्याचा पेला उचलवत नाही."

परांचीवाल्यानं हात जोडले. "मला माफ..."

"ते नको. माफ केलं की तू मोकळा. मी इथंच."

म्हातारी मोरीतून हात पुसत आली.

"तुमचं बोलणं मागाहून. त्याला कुशीवर करायचंय. समोरचा शेजारी येऊन करायचा, तो खोली सोडून गेला. माझ्या एकटीच्यानं होत नाही. परवापासून तसाच पडून आहे."

"खांद्याखाली हात घाल," रंगारी म्हणाला. "दुसरा कमरेखाली. ओढू नकोस, पोतं नाही मी."

परांचीवाल्यानं त्याला कुशीवर केलं. तेव्हा त्याला ती पाठ दिसली. कमरेपाशी कातडी फाटून आत लालभडक खड्डा पडला होता आणि खोलीभर त्याचा वास सुटला. इतकी वर्षं त्यानं या माणसासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली होती. ही पाठ त्याच्या प्रार्थनेत कधी आलीच नव्हती. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त, पळून जावंसं वाटलं.

"रडायचं तर घरी जाऊन रड," रंगारी भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "पाठ ओली झाली की चिघळते."

परांचीवाल्यानं डोळे पुसले. म्हातारीनं पाठीमागे टेकू म्हणून उशी सरकवली.

"रविवारी तुमचं ते किती वाजता सुटतं?" रंगाऱ्यानं विचारलं.

"दुपारपर्यंत. पण मी जाईन असं नाही. मी नाहीच म्हणणार आहे त्यांना."

"नाही म्हण, नाहीतर हो म्हण," रंगारी म्हणाला. "रविवारी दुपारी इकडे ये."

परांचीवाला खाटेपाशी तसाच उभा राहिला. मग त्यानं बाह्या वर दुमडल्या आणि जखम धुवायला पाणी कुठं तापवायचं, ते म्हातारीला विचारलं.