डावा गुडघा

“शिडीवरून पडलो,” कैलासनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि मांडीवरचा टॉवेल घट्ट दाबून धरला.

“शिडीवरून पडलं की कुठंतरी खरचटतं. तुम्हाला साधा ओरखडा नाही,” डॉक्टर नसीर म्हणाले. पडद्याआड त्यांनी नुकतंच तपासलं होतं. लिंग वांग्यासारखं काळंनिळं सुजून एका अंगाला वाकलं होतं. “आवाज आला होता का?”

कैलास पंख्याकडं बघत राहिला. माले गावाला पाणी सोडणारा हा गडी. लाइन फुटली की भर चौकात सरपंचालाही झापायचा. पण इथं त्याची नजर पंख्यावरून खाली येईना.

शेवटी त्याची बायको मोनालीच बोलली. मान खाली, पण आवाज स्पष्ट. “आला. कट्कन. पहाटं. पोरगी मामाकडं गेलीया, घरात आमी दोघंच. जवळ हुतो. माझंच वजन वाकडं पडलं. तवाच सगळं ढिलं झालं आन् सुजाया लागलं. हे म्हनले, बरफ लाव, व्हईल बरं.”

कैलासला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. “ताई, फार बरं केलंत सांगितलंत ते. लघवीत रक्त?”

“न्हाई.”

“म्हणजे मूत्रनळी बहुतेक वाचली. सोनोग्राफी करून घेऊ. पण हे फ्रॅक्चरच आहे. आजच शिवायला हवं.”

“फ्रॅक्चर?” कैलासला एकदाचा कंठ फुटला. “तितं हाड कुटं असतंय?”

“हाड नसतंच. रक्त भरून ताठरता येते ना, त्या भागाभोवती चिवट आवरण असतं. ताठ असताना जोरात वाकलं की ते फाटतं. मग रक्त बाहेर पसरतं.”

कैलासनं जरा विचार केला. “दाबात असताना लाइन फुटावी तसं.”

“अगदी तसंच.”

“मंग वरनं रबर गुंडाळून भागायचं न्हाई. खोदून सांधावं लागनार.” मोनालीकडं न बघता त्यानं हळूच विचारलं, “पुन्ना चालंल का, साहेब?”

“लवकर शिवलं तर बहुतेकांचं चालतं. पण सहा आठवडे सबुरी धरायची.”

दुपारी कमरेत इंजेक्शन देऊन त्याला टेबलावर घेतलं. कातडी मागं सारून साकळलेलं रक्त काढलं. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला, “सापडलं.” गळती सापडली की कैलासही हेच म्हणायचा. तेवढ्या एका शब्दानं त्याला धीर आला.

घरी आल्यावर नळावर बायकांनी मोनालीला घेरलं. “काय झालं गं?”

“फ्रॅक्चर,” ती बोलून गेली.

“कुटं?”

तिनं हंडा नळाखाली सरकवला. “डाव्या गुडघ्याला.”

झालं. त्या दिवसापासून कैलासच्या चांगल्या गुडघ्याला पट्टी बसली. शेजारचे हनुमंततात्या दर रविवारी पायाचा रस्सा घेऊन यायला लागले. हाड जुळतं म्हणे. कैलास मुकाट्यानं प्यायचा. एकदा तर तो भलत्याच पायानं लंगडला. मोनाली खाकरली, तेव्हा त्यानं पाय बदलला.

पण ती हसली नाही. एरवी एवढ्यावर ती पोट धरून हसली असती. गावाला पाणी सोडायची चावी तिनं घेतली, गाडीही तीच चालवायची, आणि अंथरूण मात्र भिंतीकडं लांब टाकायची. कैलास गाडीवर मागं बसला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, की ती ताठ व्हायची. मग तो मागची दांडी धरायचा. जखम भरत होती, पण या लांब गेलेल्या अंथरुणाचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं.

सहा आठवड्यांनी दोघं पुन्हा पौडला डॉक्टरांकडं गेले. कैलास आत शिरला तसे डॉक्टर दचकले. “अहो, पायाला काय झालं?”

सवयीनं तो लंगडतच आला होता. त्यानं मोनालीकडं पाहिलं. “फ्रॅक्चर,” तो म्हणाला.

मोनालीला हसू फुटलं. तोंडावर ओढणी धरून ती हसली, हसता हसता रडायलाच लागली. “माझ्यामुळं झालं, डॉक्टर. आता भ्या वाटतंय यांच्या जवळ जायाला.”

डॉक्टर काही बोलायच्या आत कैलासच बोलला. “तुज्यामुळं वाचलो मी. मी शिडी शिडीच करत बसलो असतो.”

डॉक्टरांनी तपासलं. सूज गेली होती, वाकडेपणा राहिला नव्हता. “आता काळजी नाही,” ते म्हणाले.

परतताना कैलास मागची दांडी धरून बसला. पौड सुटल्यावर मोनालीनं एक हात मागं नेला, त्याचा हात ओढून आपल्या कमरेशी घेतला आणि पुन्हा हँडल धरलं.

गावाच्या कमानीशी हनुमंततात्या उभे दिसले. तिनं अलीकडंच गाडी थांबवली. कैलास उतरला, त्यानं वाकून पट्टी सारखी केली.

“डावा,” ती हळूच म्हणाली.

कैलास डाव्या पायानं लंगडत निघाला, आणि मोनाली गाडी ढकलत त्याच्या चालीनं शेजारून चालू लागली.